डबा नको बघूस, रान बघ

पमे, तुझी यादी वाचली. 'ग्रास-फेड' गाईचं तूप, 'ग्रास-फेड' व्हे, ऑरगॅनिक ओट्स, ऑरगॅनिक किनोआ, ऑरगॅनिक गुळाची पावडर आणि शेवटी कसल्याशा हिरव्या भुकटीचा डबा. बेरीज तू लिहिली नाहीस, ती मी केली. नितीनरावांना अजून दाखवली नसशील, हो ना? आधी मला विचारलंस ते बरं केलंस.

चांगलं खावं, अंगात ताकद यावी असं वाटतंय, यात थट्टा करण्यासारखं काही नाही. बायकांनी वेळेत वजनं उचलायला लागावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या आईच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नाही, आणि आता ती गुडघ्यावर हात ठेवून जिना चढते. तेव्हा जिम सोडू नकोस. पण जयपुरात इतकी वर्षं घर चालवून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. या शहरात फवाऱ्यापासून सगळ्यात लांब वाढलेलं अन्न बहुतेक वेळा पोत्यात, सुटं, लेबलाशिवाय आणि स्वस्त मिळतं. लेबल चिकटतं ते महागड्या मालाला. मग पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, ते एकदा नीट बोलून घेऊ.

आधी तूप, कारण यादीतला सगळ्यात मोठा आकडा त्याचाच.

हिशेब कर. गाईच्या दुधात साधारण चार टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे किलोभर तुपाला पंचवीसेक लिटर दूध लागतं. दूध साठ रुपये लिटर धरलं तरी पंधराशेचं नुसतं दूध झालं. घुसळणाऱ्याची मजुरी, चूल, काचेची बरणी, कुरिअर वेगळं. आता कुणी तुला 'देशी गाय, बिलोना, चराऊ' असं सगळं एका दमात म्हणत आठशे रुपये किलोनं तूप देत असेल, तर त्याला हा हिशेब घाल आणि तो काय म्हणतो ते ऐक. आणि तीन हजाराचं आहे म्हणून खरं, असंही नाही. फार स्वस्त असेल तर काहीतरी खोटं आहे एवढं कळतं. महाग असेल तर काहीच कळत नाही.

सहकारी डेअरीचं तूप मग इतकं स्वस्त कसं, असं तू विचारशील. त्यात काळंबेरं नाही. डेअरीत दुधाची मलई यंत्रानं वेगळी काढतात, उरलेल्या दुधाची पावडर होते, टोन्ड दूध होतं, तेही विकलं जातं. खर्च वाटला जातो. बिलोन्यात अख्ख्या दुधाचं दही लावून घुसळतात, त्यामुळे सगळा भार तुपावर येतो आणि मागे उरतं ते ताक. ताकाला इथे छाछ म्हणतात आणि उन्हाळ्यात ती पाण्यासारखी पितात, पण तिचे पैसे फारसे येत नाहीत.

आणि पमे, आई काय करायची? साय साठवायची, विरजण लावायची, घुसळून लोणी काढायची, मंद आचेवर कढवायची. घरभर वास सुटायचा, आणि बेरी कुणी खायची यावरून आपली भांडणं. ते लोणकढं तूप आज इथे इंग्रजी नावानं, लाकडी झाकणाच्या बरणीत विकतात. तू सहा टक्क्यांचं फुल क्रीम दूध घे, इथल्या सरस डेअरीचं 'गोल्ड' घेतलंस तरी चालेल, किंवा म्हशीचं घे. साय काढ, फ्रीजमध्ये साठव आणि पंधरवड्यातून एकदा घुसळ. म्हशीच्या दुधात सातेक टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे लोणीही हाताला लागण्याइतकं निघतं. त्या गोळ्याची किंमत बरणीवर छापलेली नसते, म्हणून आपल्याला ती दिसत नाही, एवढंच.

'ए-टू'च्या शिक्क्यासाठी तर जास्तीचा एक रुपयाही देऊ नकोस. दुधातल्या एका प्रथिनाचे ते दोन प्रकार आहेत, ए-वन आणि ए-टू. आपल्या देशी वशिंडाच्या गाईंच्या दुधात बहुतेक ए-टूच असतं आणि म्हशीच्या दुधातही तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं कंपन्यांना हे दावे पाकिटांवरून काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आतच ती सूचना मागे घेतली. शिक्का राहिला, पण तो तुझ्या तब्येतीत काय भर घालतो हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता गवताचं. 'ग्रास-फेड' हे प्रकरण मुळात अमेरिकेतलं. तिथे मांसासाठीच्या गाई-बैलांना शेवटचे काही महिने मोठमोठ्या आवारांत कोंडून मका आणि इतर धान्य चारून लठ्ठ करतात. त्याला कंटाळलेल्या लोकांनी 'आम्हाला गवतावर वाढलेल्या जनावराचं हवं' असं म्हणायला सुरुवात केली, त्यातून हे लेबल आलं. गंमत म्हणजे तिथल्या कृषी खात्यानं ठरवलेली त्या शब्दाची व्याख्या त्यांनीच जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतली. आणि आपण ते नाव उचलून जयपूरच्या गाईच्या गळ्यात बांधलं!

इथली दुभती गाय काय खाते ते सांगते. सकाळी रस्त्याच्या कडेला हिरव्या चाऱ्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका तू पाहिल्या असशील. लोक गाडी थांबवून जुडी विकत घेतात, समोरच्या गाईला घालतात, हात जोडतात आणि ऑफिसला जातात. तो चारा म्हणजे रिजका, आपलं लसूणघास. हिवाळ्यात बरसीम येतो. बाकी वर्षभर बाजरी-ज्वारीचा कडबा (इथे कडबी म्हणतात), गव्हाचा भुसा, आणि दूध काढायच्या वेळी खल, बिनौला, चापड, म्हणजे पेंड, सरकी आणि कोंडा. मोकळं गवत इथे पावसाळ्यात येतं. जुलैत डोंगर हिरवे होतात, दिवाळीपर्यंत ते गवत पिवळं पडतं, नंतर गोचरावर, म्हणजे गायरानावर, विलायती बाभळीखेरीज फारसं काही उरत नाही. म्हणून मे महिन्यात कुणी जयपूरजवळचं 'शंभर टक्के ग्रास-फेड' दूध विकत असेल, तर ते गवत कुठे उगवलं हे तूच त्याला विचार. चांगला दूधवाला हसेल आणि म्हणेल, दीदी, इन दिनों तो सूखा ही है. त्याच्याकडूनच दूध घे.

लसूणघास आणि बरसीम खाणारी गाय काही वाईट खात नाही. हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन दुधात उतरतं, त्यानं गाईचं तूप पिवळं दिसतं. म्हैस त्याच कॅरोटीनचं बहुतेक अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. तेव्हा पिवळेपणावर भाळू नकोस आणि पांढऱ्याला नावं ठेवू नकोस. पिवळा रंग बाजारातही मिळतो.

खरी चराऊ जनावरं बघायची असतील तर पश्चिमेला जावं लागतं. जैसलमेर-बीकानेरकडे थारपारकर आणि राठी गाई सेवण आणि धामण गवतावर वाढतात. खेजडीचा पाला, ज्याला ते लूंग म्हणतात, आणि झाडबोरीचा सुकवलेला पाला हा दुष्काळातला चारा. गावोगावी देवाच्या नावानं राखलेली ओरण आहेत, म्हणजे आपल्या देवराया. फरक एवढाच की आपल्या देवराईत अंधार असतो आणि इथल्या ओरणात ऊन. तिथे झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, पण गुरांना चरायला मोकळीक असते. रायका लोक मेंढ्या आणि उंट घेऊन शेकडो मैल फिरतात. शेतकरी त्यांना रात्रीपुरतं आपल्या वावरात बसवून घेतात, कारण लेंड्यांचं खत मिळतं. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात ना, अगदी तसंच. ऑरगॅनिक आणि ग्रास-फेड हे दोन शब्द एका ठिकाणी खरे ठरतात ते अशा वावरात, आणि तिथे दोन्ही शब्द कुणाला माहीत नाहीत.

उंटिणीच्या दुधाबद्दल विचारलं होतंस. पाली जिल्ह्यात सादडीला रायकांकडून दूध घेणारी डेअरी आहे, आणि २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्या दुधाला मान्यता दिली. चवीला किंचित खारट, पातळ. ताकदीसाठी घेऊ नकोस, त्यात जादू काही नाही. पण कधी घेतलंस तर मला आनंदच होईल. राजस्थानात २०१९ च्या पशुगणनेत २ लाख १३ हजार उंट उरले होते, २०१२ मध्ये सव्वातीन लाख होते. राज्यपशू म्हणून घोषित होऊनही ही गत. दुधाला गिऱ्हाईक मिळालं तर पाळणारा उंट विकणार नाही.

बकऱ्याच्या मटणाचं तर विचारूच नकोस. इथली सिरोही शेळी, मालपुऱ्याची मेंढी जन्मभर झुडपं ओरबाडत हिंडते. 'ग्रास-फेड मटण' म्हणून वेगळं गोठवलेलं पाकीट मागवायचं म्हणजे नदीकाठी राहून बाटलीबंद पाणी मागवणं. नितीनरावांच्या ओळखीचा जो खाटीक असेल, त्याच्याकडून ताजं आणा, झालं.

मग गवताच्या दुधात काहीच नाही का? आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या मंडळींनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून दाखवलं की ऑरगॅनिक दुधात ओमेगा-३ सुमारे ५० टक्क्यांनी जास्त असतं, आणि ते मुख्यतः गवतामुळे. आकडा मोठा वाटतो. पण दुधात मुळात ओमेगा-३ असतंच किती? पेलाभर दुधात मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकं. त्याचं दीडपट केलं तरी आपल्या जवसाच्या चटणीच्या एका चमच्यापुढे ते काहीच नाही. जवस इथे अलसी नावानं मिळतं, थंडीत त्याचे लाडू करतात. भाज, कूट, लसूण घाल, डब्यात भर. झाला तुझा ओमेगा.

दूधवाल्याला 'गवत चारता का' यापेक्षा एक वेगळा प्रश्न विचार: पेंड आणि भुसा ठेवता कुठे? २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले होते. आपण सगळे युरिया, डिटर्जंटची भीती बाळगतो. तसली भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. पण ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-वन मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे विष बुरशीचं. ओली पेंड, कुबट भुसा गाईच्या पोटात गेला की ते दुधात उतरतं, आणि उकळून जात नाही. गोठ्यात जाऊन बघायला कुणी हरकत घेत नाही. पोती जमिनीपासून वर, फळीवर ठेवलेली आहेत का, वास कसा येतो, एवढं बघ. आणि ते काचेच्या बाटलीतलं 'रॉ मिल्क' कुणी कितीही गोड बोलून दिलं तरी उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. जनावरांचा क्षय आणि ब्रुसेलोसिस गवत खाल्लं म्हणून टळत नाहीत.

भाजीचं मात्र मी तुला जरा घाबरवणार आहे.

जयपुरातून द्रव्यवती नदी वाहते. नाहरगडाच्या डोंगराकडून निघते, शहर ओलांडून पुढे ढूंढ नदीला मिळते. जुने लोक अजून तिला अमानीशाह नाला म्हणतात, आणि ते नाव तिनं कमावलेलं आहे. शहराचं सांडपाणी आणि सांगानेरच्या रंगाई-छपाईचं पाणी वर्षानुवर्षं तिच्यात गेलं. २०१८ मध्ये काठ बांधून काढले, बागा केल्या, फिरायला छान झालं. पण सांगानेरच्या बाजूला त्या पाण्यावर भाज्या काढायची पद्धत जुनी आहे. पालक, मेथी, कोबी त्या पाण्यावर तरारून येतात, कारण त्यात खतच खत असतं. त्याबरोबर रंगाच्या कारखान्यांतले जड धातूही असू शकतात, आणि पालेभाज्या ते शोषून घेतात. पालक तर फारच. त्या वाफ्यावर एक थेंब कीटकनाशक मारलं नसेल, शेतकरी शपथेवर 'बिना दवाई की' म्हणेल आणि ते खरंही असेल. मिठाच्या पाण्यात कितीही वेळ बुडव, पानाच्या आत गेलेलं बाहेर येत नाही. म्हणून फवाऱ्याचा प्रश्न विचारायच्या आधी पाण्याचा विचार. कुआँ, ट्यूबवेल की नाला? भाजीवालीला हा प्रश्न आवडत नाही. आवडायलाच हवा असं नाही.

मुहाना मंडीतून आलेल्या भाजीचं गाव कळणं कठीण, तिथे सगळीकडचा माल एकत्र होतो. त्यापेक्षा चोमू, बसेडीकडून स्वतःचा माल घेऊन येणारी माणसं शोध. पहाटे येतात, गाडीवर एक-दोनच जातीची भाजी असते, तीच खूण. ज्याच्याकडे बाराही महिने पंधरा भाज्या आहेत तो व्यापारी. आणि ती सुबक, एकसारखी, बिनबियांची काकडी दिसते ना, ती बहुधा पॉलिहाऊसची. गुढा कुमावतानला इतकी पॉलिहाऊस आहेत की त्याला 'मिनी इस्रायल' म्हणतात. पाणी वाचवण्यात त्या लोकांनी कमाल केली आहे. पण प्लॅस्टिकच्या छपराखाली वाढलं म्हणजे ऑरगॅनिक झालं, असा काही दुकानदारांचा समज आहे, तो तू करून घेऊ नकोस.

काही भाज्यांना मात्र जास्तीचे पैसे मोज: फुलकोबी, वांगी, भेंडी, हिरवी मिरची. यांच्यावर कीड फार, म्हणून फवारे फार, आणि साल काढता येत नाही. विश्वासाचा सेंद्रिय शेतकरी मिळाला तर या चार त्याच्याकडून घे. सेंद्रिय फुलकोबी लहान आणि किडकी निघते म्हणणाऱ्यांना अजीतगढचे जगदीश प्रसाद पारीक यांचं नाव सांग. सीकरकडच्या या शेतकऱ्यानं नुसत्या शेणखतावर २५ किलोच्या वर वजनाची फुलकोबी काढली आणि २०१९ मध्ये पद्मश्री मिळवली. तेवढी मोठी आणू नकोस बाई, तुमच्या दोघांच्या घरात ती होळीपर्यंत पुरेल.

विश्वासाचा कसा ओळखायचा? कागद बघायचा असेल तर पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह हवं. त्याच्यामागे दोन वाटा आहेत. एक, त्रयस्थ संस्थेकडून तपासणी. राजस्थान सरकारची अशी प्रमाणीकरण संस्था इथे जयपुरातच आहे. दुसरी पीजीएस, म्हणजे आसपासचे पाच-सात शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. हंगामी पिकाच्या शेतात रसायनं बंद केल्यावर पेरणीआधी दोन वर्षं जावी लागतात, मगच ते पूर्ण सेंद्रिय ठरतं. तेव्हा 'याच वर्षी चालू केलंय' म्हणणाऱ्याचं कौतुक कर, पण भाव नेहमीचाच दे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राशिवाय थेट गिऱ्हाईकाला विकायची मुभा आहे, म्हणून कागद नाही म्हणजे तो लबाड असंही नाही. जा, बघ, शेणखताचा ढीग कुठे आहे ते विचार. शेणाला इथे किती मान आहे ठाऊक आहे का? २०२२ मध्ये सांगानेरच्या पिंजरापोल गोशाळेच्या आवारातून १९२ टन शेण कुवेतला गेलं, खजुराच्या बागांसाठी! तेलवाल्यांनी शेण मागवलं म्हणून तेव्हा सगळं शहर खूश होतं.

आता मला मनापासून आवडणाऱ्या गोष्टीकडे येते. तो किनोआ यादीतून काढ. त्याच्या जागी बाजरी लिही आणि मटकी लिही.

देशात सगळ्यात जास्त बाजरी राजस्थान पिकवतं. मटकीला इथे मोठ म्हणतात, आणि आपण मिसळीत, उसळीत खातो ती मटकी बहुतेक याच वाळवंटातून येते. ही दोन्ही पावसावरची पिकं. पाणी नाही, रेती आहे, म्हणून कीड कमी, आणि पीक येईल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी औषधावर पैसे घालत नाही. बाजरीला थोडाफार युरिया पडतो, तेव्हा तिला ऑरगॅनिक म्हणू नकोस. पण नाल्याच्या पाण्यावरच्या पालकापेक्षा आणि दहा फवारे खाल्लेल्या फुलकोबीपेक्षा ती कितीतरी स्वच्छ. तीळ, ग्वारीच्या शेंगाही त्याच घरातल्या. आणि केर, सांगरी, कुमटिया, गूंदा ही तर झुडपा-झाडांची देणगी. सांगरी खेजडीची शेंग, गूंदा म्हणजे आपलं भोकर. एप्रिल-मेमध्ये ओली सांगरी आणि ओले केर बाजारात येतात, तेव्हा घे. सुकलेल्याचा भाव ऐकून तुला चक्कर येईल.

बाजरीत शंभर ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं आणि ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. कच्च्या मटकीत वीसेक ग्रॅम प्रथिनं. तुझं वजन साठ किलो धरलं तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं, किलोमागे ०.८३ ग्रॅम, तुला रोज पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत. वजनं उचलतेस म्हणून त्याच्या दीडपट तरी धर. सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर मटकीची उसळ आणि दही, रात्री पनीर किंवा डाळ, मध्ये छाछ आणि भाजलेले हरभरे. याने बरंच भागतं. उरलंसुरलं भरायला व्हे घ्यायचा तर साधा घे. व्हे म्हणजे चीज करताना उरलेलं पाणी वाळवलेलं, त्यातून चरबी जवळजवळ सगळी काढलेली असते. गवताचा जो काही फायदा, तो त्या चरबीत होता. मग 'ग्रास-फेड व्हे'चे जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

या सगळ्याच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे. जिने चढताना दम लागतो, वजन वाढवता येत नाही म्हणालीस ना? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या राजस्थानातल्या ५४.४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, आणि महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के. सासर-माहेरात भांडायला जागा नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि आपण जेवणावर लगेच चहा ढोसून त्यातलं बरंचसं वाया घालवतो. बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबू, आवळा घे. चोमूकडचा आवळा थंडीत ढिगांनी येतो. चहा तासाभरानं. हिमोग्लोबिन बाराच्या खाली आलं तर गोळ्या लागतील. तिथे ऑरगॅनिकचा काही उपयोग नाही आणि माझ्या सल्ल्याचाही नाही, डॉक्टरीणबाईंकडे जायचं.

ऑरगॅनिक खाऊन ताकद येते का, असा सरळ प्रश्न होता तुझा. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी दोनशेहून जास्त अभ्यास चाळले. पोषणात फारसा फरक त्यांना दिसला नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र कमी दिसले. दोन वर्षांनी न्यूकॅसलवाल्यांना सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. दोघांचं एकत्र ऐकलं तर मला असं वाटतं की सेंद्रिय खाऊन दंड भरत नाही, पण नको ते पोटात जाणं कमी होतं. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा फवारणाऱ्याचा आहे, जो पाठीवर पंप घेऊन तोंडाला नुसता गमछा बांधून रानात फिरतो. त्याच्यासाठी चार पैसे जास्त द्यायला मला आवडतं. तुझ्या डेडलिफ्टसाठी नाही.

बाजरीचं पीठ एकदम दळून ठेवू नकोस, आठवड्यात कडू होतं. गिरणीवाल्याला दोन किलो घाल. भाकरी थापायची सवय गेली असेल तर लाजू नकोस, इथल्या बायका दोन तळहातांवर फिरवून करतात, त्यांच्याकडून शिक. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते म्हणतात, तेव्हा ताकात पीठ शिजवून राबडी करतात, ती थंडगार पी.

दिवाळीच्या आसपास सूरजपोलच्या मंडीत नवी मटकी येते. व्यापारी साठवणीसाठी धुरी देतात, म्हणून नवा माल आल्या आल्या उचलायचा, दोन दिवस गच्चीवर ऊन द्यायचं आणि एरंडेलाचा हात फिरवून पत्र्याच्या डब्यात भरायचा. मी यंदा अख्खं पोतं घेणार आहे, निम्मं तुझं. एरंडेल तू आण. आणि पोतं गच्चीवर चढवायला नितीनरावांना त्रास देऊ नकोस, तूच चढव. जिमची फी भरतेयस ना?